पत्र्याच्या पेट्यांवरची नावं

स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थीणबाईने सुक-हानच्या आईला एवढंच सांगितलं होतं, की मुलगा सोन्याच्या डोंगरावर असतो, वय जरा जास्त आहे, दारूला शिवत नाही, आणि 'गावाकडे माल धाडायच्या' धंद्यात आहे. यातला एकही शब्द खोटा नव्हता. सोन्याचा डोंगर म्हणजे कॅलिफोर्निया. माल कसला, हे आईने विचारलं नाही आणि बाईनेही आपणहून सांगितलं नाही. नवरदेव समुद्रापलीकडे, म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या जागी एक कोंबडा उभा केला आणि लग्न लागलं.

१८९६ साली, एकोणिसाव्या वर्षी, सुक-हान सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर उतरली. मजुराच्या बायकोला तेव्हा उतरू देत नसत, व्यापाऱ्याच्या बायकोला देत. तिचा नवरा तॅम क्वाँग कागदोपत्री एका झाडपाल्याच्या दुकानात भागीदार होता. गोऱ्या अधिकाऱ्याने दुभाष्यामार्फत विचारलं, "नवरा काय विकतो?" तिने बोटीत पाठ केलेलं उत्तर दिलं, "सुक्या मुळ्या." मग नदीच्या बोटीने दिवसभर प्रवास करून ती त्या गावी आली. गाव गोऱ्यांचं, आणि बांधाच्या खालच्या अंगाला एक गल्ली आपल्या चिनी लोकांची. क्वाँग धक्क्यावर न्यायला आला होता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने तिचं गाठोडं घेतलं आणि म्हणाला, "जेवलीस का?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरपणासाठी मागच्या पडवीत गेली. दार उघडलं, तर चटयांवर माणसांची हाडं वाळत घातलेली. तीन चटया, प्रत्येकीवर लांब हाडं एका बाजूला, बोटांची बारीक हाडं सुपात, कवटी भिंतीशी. तिने दार लोटून घेतलं, घरात आली आणि भात चढवला. तीन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "अहो, ती कोण आहेत?"

क्वाँगचा हात थांबला. आजवर ज्याने त्याने 'ते काय आहे' असंच विचारलं होतं. 'कोण' असं विचारणारी ही पहिलीच, असं तो पुढे बरीच वर्षं लोकांना सांगायचा.

"डावीकडचा यू बिंग," तो म्हणाला. "रेल्वेच्या कामावर होता. मधला त्याचा चुलतभाऊ. तिसरा कोण ते अजून कळलं नाही."

"कळलं नाही म्हणजे?"

"पुरताना बाटलीत नावाची चिठ्ठी घालून शेजारी ठेवतात. ह्याच्या बाटलीत पाणी शिरलं."

"मग आता?"

"आता विचारत फिरायचं. एखाद्या म्हाताऱ्याला आठवतं, अमक्याचा पुढचा दात पडलेला होता म्हणून. दात सगळं सांगतात."

तिने वाडगा खाली ठेवला. मग म्हणाली, "मला आधी सांगायला हवं होतंत."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"म्हणून तर," क्वाँग म्हणाला आणि त्याने तिच्या वाडग्यात माशाचा तुकडा घातला.

परक्या मुलखात मेलेल्या माणसाला तिथेच ठेवायचं नाही, सात वर्षांनी उकरून, धुऊन, पत्र्याच्या पेटीत घालून त्याच्या गावी पोचवायचं, ही रीत. गाववाल्यांच्या मंडळाने त्या कामावर क्वाँगला नेमलं होतं. काम पुण्याचं, हे सगळे मान्य करत. पण ते करणाऱ्याच्या घरचं पाणी कुणी पीत नसे. गल्लीत लग्न झालेल्या आणखी सात बायका होत्या. त्या सुक-हानला 'हाडवाल्याची' म्हणत आणि ती दिसली की आपली पोरं आत ओढून घेत.

दोन वर्षांनी तिला मुलगी झाली, पिक-हा. महिना भरल्यावर सुक-हानने रीतीप्रमाणे अंडी लाल रंगात रंगवली, आलं मुरवलं आणि घरोघरी पाठवलं. शेजारची परटीण दारातूनच म्हणाली, "आमच्याकडे अंडी खात नाहीत हो." तिच्या अंगणात बारा कोंबड्या होत्या. बाकीच्यांनी ताटली घेतली, पण जेवायला कुणी फिरकलं नाही. संध्याकाळपर्यंत दोघं नवरा-बायको मांडलेल्या पाटांसमोर बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी मिशनच्या प्रॉक्टरबाई गल्लीत दारोदार फिरत. वय चाळिशीचं, हाडापेराने मजबूत, मोठ्या पावलांची बाई. बरोबर दुभाषी म्हणून मिशनच्या शाळेतल्या फूंग मास्तरांची बायको असे. सुक-हानने आजवर त्यांना दार उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं, कारण शिळी होत चाललेली चाळीस अंडी घरात होती.

प्रॉक्टरबाई बसल्या. त्यांनी चहा घेतला. एक अंडं खाल्लं, दुसरं खाल्लं, मग आणखी दोन. सुक-हान बघत राहिली. तिने हळूच फूंग वहिनींना विचारलं, "ही बाई का खाते आहे?"

"भूक लागली असेल," फूंग वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून सात दारं तोंडावर आपटली आहेत आमच्या."

"आमच्याकडे काय चालतं ते ठाऊक आहे का हिला?"

फूंग वहिनींनी इंग्रजीत सांगितलं. प्रॉक्टरबाई उठल्या, पडवीचं दार उघडून आत नीट बघून आल्या आणि पुन्हा बसल्या. त्यांनी पिक-हाला मांडीवर घेतलं. म्हणाल्या, जगाच्या शेवटच्या दिवशी ही सगळी माणसं उठणार आहेत.

सुक-हानने विचार केला. "विचारा त्यांना, इथे उठणार की गावाकडे?"

प्रॉक्टरबाईंना उत्तर सुचलं नाही. तसं त्यांनी सांगूनही टाकलं. सुक-हानला ते आवडलं. तिला भेटलेला प्रत्येक शहाणा माणूस सगळं ठाऊक असल्यासारखा बोलत आला होता.

त्यानंतर दर गुरुवारी त्या येऊ लागल्या. प्रभूच्या आधी अक्षरं आली. फूंग वहिनी तिला चिनी लिपी शिकवत, मिशनच्या छापील शुभवर्तमानावरून. सुक-हानचा हात वळणदार होता. सहा महिन्यांत ती बाटल्यांतल्या चिठ्ठ्या वाचू लागली. क्वाँगला जेमतेम स्वतःचं नाव यायचं, बाकीचं सगळं डोक्यात. पेट्यांवरची नावं मंडळाचा कारकून घाईघाईत खरडायचा. एकदा त्याने यू आडनावाच्या दोघांची अदलाबदल केली होती, आणि कुठल्या तरी गावातली विधवा परक्याच माणसाच्या थडग्यापुढे धूप लावत बसली होती. ही गोष्ट क्वाँगला रात्रंदिवस खात असे. आता बायको म्हणाली, "द्या इकडे, मी लिहिते." पेटीच्या आतल्या बाजूला एकदा, झाकणावर एकदा, आणि कापडावर लिहून हाडांबरोबर एकदा. शिवाय मिशनच्या वहीत तिने दफनभूमीच्या रांगा काढून घेतल्या. क्वाँग सांगे, ती खुणा करी.

ती बायबल वाचू लागली. मेलेल्यांचा देव नाही, जिवंतांचा आहे, असं एका ठिकाणी होतं. तिथे ती अडली. मग एका ठिकाणी मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानिशी हाक मारतो, असं आलं. ते तिला पटलं. नावाचं महत्त्व ती जाणत होती. १९०१ साली तिने बाप्तिस्मा मागितला.

आधी नवऱ्याला विचारलं. क्वाँग म्हणाला, "जेवण हेच राहणार ना?"

"हेच राहणार."

"मग हो तू. मी आहे तसाच बरा. मला मेलेल्यांची सवय आहे, त्यांना माझी."

अडचण दुसरीकडून आली. मंडळाचे प्रमुख लो आजोबा घरी आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "क्वाँग, तुझ्या बायकोने येशू धरलाय म्हणे. येशूवालीच्या हातच्या पेट्या गावाकडे जाता कामा नयेत. तिकडे लोक काय म्हणतील? तिला लिहिणं बंद करायला सांग."

"मग लिहिणार कोण?"

"कारकून."

"तो फ्रेस्नोला पळाला की मागच्या महिन्यात."

लो आजोबांनी काठी उंबऱ्यावर आपटली. "लिहू दे तर," ते अखेर म्हणाले. "पण तिने लिहिलं असं कुणाला सांगू नका. आणि लिहिताना दार लावून घ्यायचं."

मिशनचे वरिष्ठ पाद्री हॅस्किन्स वर्षातून दोनदा शहरातून येत. बाप्तिस्मा द्यायचा की नाही, हे त्यांच्या हातात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की बाईने आधी पेट्यांचं काम सोडावं. ते काम म्हणजे मूर्तिपूजेचीच एक शाखा आहे. लो आजोबांची आणि ह्या साहेबांची जन्मात कधी गाठ पडली नाही, पण ह्या एका बाबतीत दोघांचं अगदी गळ्यात गळा घालून एकमत होतं.

"साहेबांना विचारा," सुक-हान फूंग मास्तरांना म्हणाली, "नाव लिहिणं म्हणजे पूजा का?"

मास्तरांनी विचारलं. "साहेब म्हणतात, प्रश्न लिहिण्याचा नाही. मनात काय असतं त्याचा आहे."

"मग माझ्या मनात काय असतं ते त्यांनी कुठे विचारलं?"

हे मास्तरांनी भाषांतर केलं की नाही, कुणास ठाऊक. हॅस्किन्स वाईट माणूस नव्हता. चीनमध्ये, पण वेगळ्या बोलीच्या मुलखात, अकरा वर्षं काढून, दोन मुलं तिथेच पुरून तो आला होता, आणि बाप्तिस्मा घेऊन पुन्हा धूप लावणारी माणसं त्याने डझनावारी पाहिली होती. त्याला पक्कं माणूस हवं होतं. सुक-हानलाही काम सोडायचं नव्हतं. तिने वाद घातला नाही. ती मागच्या बाकावर बसू लागली.

सहा वर्षं बसली. प्रभुभोजनाची भाकर बाकावरून पुढे जायची, ती आपला हात मांडीवर ठेवायची. तिच्या मागून आलेल्या बायका बाप्तिस्मा घेऊन पुढच्या बाकांवर गेल्या. त्यांतल्याच एकीने एकदा विचारलं, "तुम्ही अजून इथेच?" सुक-हान म्हणाली, "इथून सगळ्यांच्या पाठी छान दिसतात." उपासना मात्र एकही चुकवली नाही.

१९०७च्या मार्चमध्ये नदीला पूर आला. आठ दिवस पाणी चढत होतं. वरच्या अंगाला बांध फुटला आणि प्रवाह वळणावरचा काठ खाऊ लागला. आपली दफनभूमी त्याच वळणावर, कारण उंचावरची जागा आपल्याला कुणी दिली नव्हती. क्वाँग अंथरुणाला खिळला होता. छातीत पाणी झालं होतं, चार शब्द बोलला की धाप लागायची. लो आजोबांनी गल्लीतल्या पुरुषांना बोलावलं. पुरुष आले, बांधावर उभे राहिले आणि पायाखालच्या चिखलाकडे बघत राहिले. खुणेच्या फळ्या वाहून गेल्या होत्या. कोण कुठे आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि हात लावायचा कुणी?

सुक-हान वही घेऊन आली. तिने पायघोळ पायजमा गुडघ्यापर्यंत बांधला होता. काठाच्या मोठ्या ओकच्या झाडापासून पावलं मोजत ती गेली आणि काठी रोवून म्हणाली, "इथे जुआन पाक-लाम. आणि ह्याच्या खाली चार पावलांवर त्याचा भागीदार."

तिने स्वतःच कुदळ घातली. तिच्या मागे फूंग वहिनी गेल्या. मग प्रॉक्टरबाई आल्या, पुरुषी बूट घालून. त्या आयोवाच्या शेतकऱ्याची मुलगी. नांगर धरलेला हात होता त्यांचा. त्यांनी न बोलता खोरं उचललं आणि तासाभरात दोघींच्या दुप्पट खणलं. बांधावरून परीट बघत होता. त्याची बायको त्याला म्हणाली, "तिथे बायका खणतायत, आणि तुम्ही काय हात पाठीमागे बांधून? तुमचा भाऊ आहे ना तिसऱ्या रांगेत?" तो उतरला. त्याच्या मागे आणखी दोघं उतरले. एकाहत्तर वर्षांचे लो आजोबा काठी टेकत आले आणि पोत्याचं तोंड उघडं धरून बसले.

तीन दिवस ते चाललं. दिवस मावळला की सुक-हान घरी येई, आणि क्वाँग भिंतीला टेकून विचारी, "किती?" तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, "त्रेचाळीस."

"आणि?"

"नऊ गेले. नदीकडची रांग सगळीच्या सगळी."

"कोण कोण?"

तिने नऊ नावं सांगितली. त्याने प्रत्येक नावाला मान हलवली आणि मग तोंड भिंतीकडे केलं. अकरा दिवसांनी तो गेला.

त्याच्या मयताला सगळी गल्ली आली. सातही बायका आल्या, घरात बसल्या, तिच्या हातचा चहा प्याल्या. परटीण पिक-हाचे केस विंचरत बसली होती. लो आजोबांनी ह्या खेपेला उंबरा ओलांडला. ते म्हणाले, "सूनबाई, त्या नऊ जणांच्या घरी रिकाम्या पेट्या धाडाव्या लागतील. आत कपडा आणि नाव. तू लिहिशील का?"

"लिहीन."

"दार उघडं ठेवून लिही," म्हातारा म्हणाला.

पुराची हकीकत कुणीतरी हॅस्किन्सना कळवली. त्यांनी प्रॉक्टरबाईंना तीन पानी पत्र पाठवून खुलासा मागवला. बाईंनी दोन ओळींत उत्तर दिलं, की नदी थांबायला तयार नव्हती, आणि मला खोरं चालवता येतं. त्या दिवसांत सुक-हानने बाईंना एकच प्रश्न विचारला. क्वाँगने बाप्तिस्मा घेतला नव्हता, मग तो आता कुठे आहे? प्रॉक्टरबाईंनी तिचा हात धरला. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. आता त्यांना आपली भाषा तोडकीमोडकी बोलता येत होती. सुक-हान त्या उत्तरावर रडली. नवरा गेल्यावर ती त्याआधी रडलेली कुणी पाहिली नव्हती.

त्याच शरदात फूंग मास्तरांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. आता बाप्तिस्मा देण्याचा अधिकार त्यांचाही होता. त्यांनी सुक-हानला बोलावून विचारलं. ती म्हणाली, "मास्तर, आधीच सांगते. मी पेट्या भरत राहणार, नावं लिहीत राहणार. आता खणायलाही दुसरं कुणी नाही. चालत असेल तर पाणी घाला, नाहीतर माझा बाक मला बरा आहे."

फूंग मास्तर भित्रा माणूस होता. साहेबांच्या पुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. पण तो म्हणाला, "अरिमथाईकर योसेफ क्रुसावरच्या प्रभूचं शरीर मागायला पिलात सुभेदाराकडे गेला, तागाच्या कापडात गुंडाळलं, कबरेत ठेवलं. त्याला कुणी विचारलं नाही, हे कशात मोडतं म्हणून. या रविवारी ये."

रविवारी हॅस्किन्सही आले होते. ते शेवटच्या बाकावर, सुक-हानच्याच जागेवर बसले, कारण दुसरी रिकामी नव्हती. उपासना झाल्यावर त्यांनी तिच्याशी हात मिळवला. पुढे त्यांनी हा विषय काढला नाही, आणि तिनेही काढला नाही.

मंडळाने क्वाँगचं काम तिला दिलं. बाईमाणूस आणि तेही येशूवाली, म्हणून बैठकीत दोघं-तिघं कुरकुरले. लो आजोबांनी विचारलं, "मग तुम्ही करता?" तिथे बोलणं संपलं. ती धूप लावत नसे, कागद जाळत नसे. ते करायला मंडळाचा माणूस येई, आणि तो असेपर्यंत ती जरा बाजूला जाऊन उभी राही. मग येऊन खणायला लागे. आठवड्यातून दोन दिवस ती मिशनमध्ये बायकांना अक्षरं शिकवी. तिच्याकडे शिकलेल्या बायकांचं अक्षर लांबूनही ओळखू येतं.

१९१४ साली सासूचं पत्र आलं. गावच्या लेखनिकाकडून लिहवून घेतलेलं. सात वर्षं झाली, माझ्या मुलाला आता पाठव, एवढाच मजकूर.

पिक-हा तेव्हा सोळा वर्षांची होती. इथे जन्मलेली, इथल्या शाळेत शिकलेली, आणि वादात आईला हार न जाणारी. "आई, बाबांना इथेच राहू दे ना. तूच म्हणतेस, देह मातीचा. मग माती कुठली का असेना."

"खरं आहे."

"मग? मी रविवारी जाते त्यांच्याकडे. त्या आजीला मी कधी पाहिलंही नाही."

"तिनेही त्यांना सत्तावीस वर्षांत पाहिलेलं नाही," सुक-हान म्हणाली. "तू चालत जाऊन येतेस. तिचं वय अठ्ठ्याऐंशी. तिला इथे येता येत नाही."

"म्हणजे प्रभूवर विश्वास ठेवायचा, आणि तरी पेटी पाठवायची?"

"प्रभूसाठी पाठवत नाही आहे मी. म्हातारीसाठी पाठवते आहे."

पिक-हा दोन दिवस फुरंगटून बसली. तिसऱ्या दिवशी आईबरोबर गेली. सुक-हानने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेक हाड तिने तांदळाच्या दारूने धुतलं, चटईवर उन्हात घातलं आणि दिवसभर शेजारी बसून माशा हाकलल्या. पेटीची लांबी मांडीच्या हाडावरून ठरते. क्वाँग उंच, त्यामुळे नेहमीच्या पेटीत तो मावेना. तिने पत्र्याचे डबे करणाऱ्याकडून दोन बोटं लांब पेटी करवून घेतली. नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिने कुंचला मुलीच्या हातात दिला. पिक-हाची शेवटची रेघ जरा वाकडी गेली. सुक-हानने ती तशीच राहू दिली.

दहा महिन्यांनी गावाहून उत्तर आलं, पण दिराकडून. पेटी पोचली. म्हातारीने ती तीन दिवस खोलीत ठेवली, उघडून प्रत्येक हाड हातात घेतलं. सुनेने नीट धुतलंय, म्हणाली. बापाच्या शेजारी मुलाला ठेवलं आणि पुढच्या पंधरवड्यात ती गेली. सुक-हानने पत्र दोनदा वाचलं, घडी करून मुलीला दिलं आणि शाळेच्या फळ्यावर धडा लिहायला गेली.

पुढे पिक-हा शिक्षिका झाली, एका फळबागवाल्याशी तिचं लग्न झालं, तिला तीन मुलं झाली. प्रॉक्टरबाई १९२२ साली आयोवाला परतल्या आणि तिथेच वारल्या. पेट्या जाणं हळूहळू कमी झालं. लोक इथेच राहू लागले, इथेच पुरले जाऊ लागले. १९३३च्या जानेवारीत सुक-हान आजारी पडली. पिक-हाने तिला सरळच विचारलं, "आई, तुला पाठवायचं का?"

"कुणाकडे?" सुक-हान म्हणाली. "तिकडे माझी वाट बघणारं कोण आहे?"

"बाबा आहेत."

तिने पांघरूण छातीशी ओढून घेतलं. मग म्हणाली, "त्यांच्याजवळ त्यांची आई आहे. मी इथे थांबते. तुला यायला बरं पडेल."

फेब्रुवारीत ती गेली. गावाबाहेरच्या टेकडीवर, मिशनच्या भागात तिला ठेवलं. आता तिथे उंचावर जागा मिळते. मयताला फूंग मास्तर आले होते. पंच्याऐंशीचे झाले होते, ऐकू कमी येत होतं. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातला मेंढरांचा उतारा वाचला, आणि वाचता वाचता मध्येच कुठेतरी ओळ चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. कुणी त्यांना थांबवलं नाही.